लाल पाकिटातली अँटिबॉडी

लाय युक-हो ही कुणाचीच मामी नाही. तिच्या नवऱ्याला बहीण नाही, तेव्हा भाचरं येणार कुठून? तरी सगळं वोंगकाउ गाव तिला मोठी मामी म्हणतं, कारण मोती नदी समुद्राला मिळते तिथल्या आमच्या गावांत मोठी मामी हा एक धंदा आहे. लग्नाच्या दिवशी नवरीच्या शेजारी उभं राहून पहाटेपासून जेवणावळ उठेपर्यंत शुभ बोलणारी बाई म्हणजे मोठी मामी. नवरीच्या डोक्यावर लाल छत्री धरायची, सासूपुढे चहाचा पेला कसा धरायचा ते शिकवायचं, आणि हे सगळं करताना तोंड क्षणभरही बंद ठेवायचं नाही. चहा सांडला तर म्हणायचं, घरात पैसा असाच वाहणार. नवरदेवाचा बूट चिखलात रुतला तर म्हणायचं, मुलाने पाय घट्ट रोवला. एकदा एका लग्नात नवरदेवाचा काका दारू पिऊन सरळ केकवर आडवा झाला, तर मामी म्हणाली, वडीलधाऱ्यांनीच गोडाला हात घातला, आता पोरांनो लाजू नका. लोक हसले, लग्न सावरलं.

हे काम कुणालाही मिळत नाही. बाई सवाष्ण हवी, नवरा नुसता जिवंत नाही तर धडधाकट हवा, एक मुलगा हवा, एक मुलगी हवी. विधवेच्या हातून कुणी नवरीचे केस विंचरून घेत नाही. नवरा आजारी असेल तरी लोक दुसरीकडे जातात. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. भेटला तर दोन शब्द ऐकवीन म्हणून मी त्याला बरीच वर्षं शोधते आहे.

युक-हो जन्मली होडीवर. होडीवाल्यांच्या लग्नात नवरी जाताना तासन्‌तास सूर लावून रडते, ती रडगाणी ती आईकडून शिकली. मग माक साउ-केयशी लग्न करून जमिनीवर आली आणि तिच्या लक्षात आलं की जमिनीवरचे लोक रडण्यापेक्षा हसवण्याचे पैसे जास्त देतात. साउ-केय कुलपांच्या कारखान्यात पितळेला चकाकी द्यायचा. माणूस साधा, जरा फुशारकी मारणारा, भाताबरोबर रोज खारवलेल्या मासळीचा तुकडा लागणारा. घर मात्र चाललं मामीच्या तोंडावर. तीस वर्षं तिने आजार, मरण, तुटणं, फुटणं यातला एकही शब्द उच्चारला नाही, घरीसुद्धा नाही. शेजारचा म्हातारा वारला तेव्हा ती म्हणाली, आजोबा लांबच्या प्रवासाला गेले. साउ-केयने विचारलं, कुठे? ती म्हणाली, पश्चिमेला. तो बिचारा संध्याकाळी शेजाऱ्यांना विचारायला गेला की आजोबा परत कधी येणार.

आता दुसरी गोष्ट. आमच्या भागात नाकाच्या मागे, घसा जिथे सुरू होतो तिथे, एक कॅन्सर होतो. बाकीच्या देशात तो फारसा कुणाला माहीत नाही. उत्तरेकडचे लोक त्याला आमच्या प्रांताचंच नाव देतात, जणू आम्ही तो डब्यात भरून विकतो. कुणी म्हणतं रक्तात आहे, कुणी म्हणतं खारवलेली मासळी. या सगळ्याच्या मुळाशी एक विषाणू आहे. लहानपणीच थुंकीतून तो अंगात शिरतो, जवळजवळ प्रत्येकाच्या, आणि बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. थोड्यांना करतो. जागा अशी अवघड की आरशात दिसत नाही, दुखत नाही, आणि मानेला गाठ आली की तोवर उशीर झालेला असतो. आमच्या गल्लीत उपचाराच्या किरणांनी मानेची कातडी करपलेली, सतत पाण्याची बाटली बाळगणारी माणसं तुम्हाला प्रत्येक वळणावर भेटतील. ती वाचलेली माणसं. बाकीची पश्चिमेला गेलेली आहेत.

आमच्या देशात ऑलिंपिक झालं त्याच्या पुढच्या वर्षी शहरातल्या इस्पितळाने आमच्या गावात रक्ततपासणी आणली. या विषाणूविरुद्ध रक्तात काही ठरावीक अँटिबॉडी तयार होतात. त्या फार चढल्या असतील तर आत काहीतरी उगवत असण्याची शक्यता जास्त. अशांना बोलवायचं, नाकातून बारीक कॅमेरा घालून बघायचं, असलं तर गाठ यायच्या आधीच पकडायचं. गोष्ट चांगली. पण चांगली गोष्ट सरकारी माणसाच्या हाती दिली की तो तिचं काय करतो ते मी आयुष्यभर बघत आले आहे. त्यांनी नववर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात, घराघरावर ताजे लाल कागद चिकटवलेले असताना, एका गाडीवर भोंगा लावला आणि गल्लीगल्लीतून ओरडत फिरले की कॅन्सर तपासून घ्या. एका म्हातारीने गाडीमागे फटाक्यांची लड सोडली, अवदसा पळावी म्हणून. माक घराण्याच्या कुलमंदिरात टेबलं मांडली होती. तिथे नर्सा दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या.

तपासणीची प्रमुख डॉक्टर शू. तरुण बाई, उत्तरेकडची, हुशार, आणि शब्द जसा मनात येईल तसा तोंडातून काढणारी. गाव का येत नाही हे तिला कळेना. मग नगर कार्यालयातल्या कुणाला तरी अक्कल सुचली आणि त्यांनी मोठ्या मामीला बोलावलं.

मामीने आपल्या अटी घातल्या. भोंगा बंद. टेबलावर लाल कापड. फलकावरून तो शब्द पुसायचा आणि लिहायचं, वर्षाच्या आरंभी रक्ताची शुभ पाहणी. शेवटची अट निकालाबद्दल होती. ज्यांना पुन्हा बोलवायचंय त्यांना पत्र जाणार, ते पांढऱ्या पाकिटात नाही चालणार. पांढरं पाकीट आमच्याकडे मयताच्या घरचं. लाल हवं, नववर्षाला पोरांना पैसे देतो तसलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रंगाने काय फरक पडतो? मामी म्हणाली, पांढऱ्याला कुणी दार उघडलं तर दाखवा. पत्रातूनही तिने तो शब्द काढायला लावला. शेवटी राहिलं एवढंच, की आपल्या रक्तातील अँटिबॉडीचं प्रमाण उच्च आढळलं आहे, तरी पुढील तपासणीस यावं. उच्च हा शब्द तिला फार आवडला. मला तेव्हाच खटकलं होतं, पण मला काय काय खटकतं याची यादी नगर कार्यालयाकडे आधीच लांबलचक आहे, त्यांनी ऐकलं नाही.

लोक आले. रांगच लागली. मामी कुलमंदिराच्या पायरीवर उभी राहून प्रत्येकाचं नाव घेऊन काहीतरी गोड बोलायची. रक्त लाल, लाल म्हणजे भरभराट, सुई म्हणजे लक्ष्मीचं बोट. साउ-केयने पण बाही वर केली. बायको त्या दिवशी सगळ्या गावाचं कौतुक करत होती, त्याने आपल्या वाट्याचं कौतुक घेतलं.

महिन्याभराने निकाल आले. ज्यांच्यात काही नव्हतं त्यांच्या फोनवर कोरडा संदेश आला, काही आढळलं नाही. काहींच्या घरी मात्र माणूस स्वतः येऊन लाल पाकीट देऊन गेला.

आता आमच्या लोकांचा इतिहास ध्यानात घ्या. वीस वर्षं आमचा प्रांत काविळीच्या विषाणूपायी हैराण होता. कारखान्यात लागायचं तर रक्त दाखवा, हॉटेलात भांडी घासायची तर रक्त दाखवा. लस घेतली की तपासणी व्हायची आणि कागदावर लिहून यायचं, अँटिबॉडी आहेत. आहेत म्हणजे सुटलात, नोकरी पक्की. नाहीत म्हणजे परत सुई. त्यामुळे आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे की अँटिबॉडी ही मिळवायची गोष्ट आहे, आणि जितकी जास्त तितकी बरी. हे आम्ही अडाणी म्हणून नाही. आम्हाला सरकारनेच शिकवलं होतं, आणि आम्ही धडा पाठ केला होता.

अशा गावात, लाल पाकिटातून, उच्च अँटिबॉडी.

साउ-केय रोज सकाळी पुलाजवळच्या चहाच्या दुकानात बसायचा. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याला आलेलं लाल पाकीट किटलीखाली असं ठेवलं की निम्मं बाहेर राहील. त्याच्या समोर बसायचा फुन, डुकरं कापण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला. बुटका आणि जिभेचा तिखट. फुनला पाकीट आलं नव्हतं.

"केयदादा," फुन म्हणाला, "आपण एकाच नदीचं पाणी प्यालो. तुझ्यात अँटिबॉडीचं सैन्य आणि माझ्यात काही आढळलं नाही, हे कसं?"

साउ-केय नम्रपणे म्हणाला की खारवलेल्या मासळीचा गुण असेल. त्या आठवड्यात बाजारात खारवलेली मासळी संपली. एक गृहस्थ दवाखान्यात जाऊन विचारून आले की ती उच्च व्हायची लस पैसे भरून मिळते का. लग्न जुळवणाऱ्या बाईने एका तिशीपुढच्या मुलाची माहिती सांगताना नोकरी आणि घर यांच्यानंतर जोडलं की मुलाचं रक्त लाल पाकिटाचं आहे. मुलीकडच्यांनी होकार दिला.

आणि डॉक्टर शू शहरात कॅमेरा लावून बसल्या होत्या. पाकीटवाल्यांपैकी कोणीच फिरकेना. ज्याचं रक्त इतकं उत्तम, तो इस्पितळात कशाला जाईल?

शेवटी त्या स्वतः मामीच्या घरी आल्या. मी तेव्हा तिथे होते, नळाच्या पाण्याच्या अर्जावर मामीची सही घ्यायला. डॉक्टर चढ्या आवाजात बोलल्या, आमच्या बोलीत चुका करत, पण समजलं सगळं. हे बक्षीस नाही. ही अँटिबॉडी रक्षण करत नाही, ती फक्त सांगते की तो विषाणू आत पुन्हा हालचाल करतोय. पाकिटं मिळालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच निघणार नाही. पण थोड्यांच्या नाकामागे गाठ असेल, आणि आज सापडली तर नुसत्या किरणांनी जाईल. मानेत उतरली तर मग त्या काही सांगू शकत नाहीत.

मामीने विचारलं, "माझ्या म्हाताऱ्यात आहे का?"

"माहीत नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"म्हणजे नसेलही."

"नसेलही. असेलही. तुम्हीच ना सगळ्यांना लाल पाकीट द्यायला लावलंत? आता तुम्हीच सांगा त्यांना."

डॉक्टर निघून गेल्यावर मामी माझा अर्ज उलटा धरून बघत बसली. मी म्हटलं, त्यात काय, सरळ सांग की. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तिला भर बाजारात कपडे काढायला सांगितलं. तो शब्द तोंडातून निघाला की तो येतो, असं ती मनापासून मानायची. आणि तो येवो न येवो, जिच्या तोंडून तो निघाला तिला पुढे नवरीच्या जवळ कोण उभं करणार? पावसाळ्यानंतर तिच्याकडे चांगली लग्नं होती. त्यात कारखानदार हो यांच्या थोरल्या मुलीचं, त्या हंगामातलं सगळ्यांत मोठं.

तर तिने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. जेवताना म्हणाली, नाकाचं दार उघडून दाखवलं की संपत्ती सरळ आत येते. साउ-केय म्हणाला, माझं नाक उघडंच आहे. ती म्हणाली, शहरात फेरी मारून आलं की आयुष्य वाढतं. तो म्हणाला, बसमध्ये उलट कमी होतं. ती म्हणाली, कॅमेऱ्यासमोर बसणं मानाचं असतं. शेवटी त्याने वाटी खाली ठेवली.

"म्हातारे, तीस वर्षं तुझं ऐकतोय. माझी आई गेली तेव्हा तू म्हणालीस, घर मोकळं झालं, आता नातवंडांना जागा. माझं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा म्हणालीस, नऊ हा आकडा दीर्घायुष्याचा. तुझ्या तोंडून वाईट काही निघालंच नाही कधी. म्हणजे सगळं चांगलंच आहे. तो मासा इकडे दे."

तिने मासा पुढे सरकवला. ज्या दुकानात सगळ्या मालाला एकच भाव, तिथे गिऱ्हाईक निवडणार कशावरून? तिने सावधगिरीचा शब्द शिल्लकच ठेवला नव्हता. आणि घरी काही म्हटलं की तो सकाळी चहाच्या दुकानात जायचा, तिथे फुन आणि बाकीचे त्याच्या रक्ताला वाकून नमस्कार करायचे, तो पुन्हा फुगून घरी यायचा.

शेवटी एका सकाळी ती तिथेच गेली. दुकान भरलेलं होतं. वाफवलेल्या खाण्याच्या टोपल्या टेबलांमधून फिरत होत्या. मामी आत आली तशी खुर्च्या सरकल्या, लोकांना वाटलं काहीतरी गोड कानावर पडणार, कुणाचं तरी लग्न ठरलं असेल. ती साउ-केयच्या टेबलाशी थांबली. तिचा आवाज फटाक्यांच्या लडीतूनही ऐकू येणारा, तो तिने मुद्दाम कमी केला नाही.

"साउ-केय, तुला कॅन्सर असू शकतो."

टोपल्या फिरायच्या थांबल्या. एका वेटरने हातातला पेला गरम पाण्याने परत विसळला. फुनच्या तोंडात भजं होतं, ते त्याने तसंच ठेवलं आणि आमच्याकडे अशुभ शब्द परत घ्यायला म्हणतात ते म्हणाला.

"मामी, थुंक आणि पुन्हा बोल."

"थुंकून काय होणार, फुन? तो थुंकीतूनच येतो." मग ती सगळ्या दुकानाकडे वळली. "पाकीट लाल मी करायला लावलं. आत तो शब्द नको, असंही मीच म्हटलं. ते बक्षीस नाही. ज्यांना आलं नाही ते नशीबवान. ज्यांना आलं त्यांनी शहरात जाऊन नाकात कॅमेरा घालून घ्या. कॅन्सर बघायला. कॅन्सर."

दोनदा म्हणाली. मालकाने मागच्या खोलीत जाऊन देवापुढे उदबत्ती लावली, वास आला.

साउ-केय लालबुंद झाला होता. "तू माझा जीव घेतलास," तो म्हणाला, "सगळ्यांसमोर. आणि आता हो साहेबांच्या मुलीचं लग्न गेलं तुझं, कळतंय का? सगळी लग्नं गेली."

"तू मेलास तर धंदा तेव्हा जाईल. तू जगलास तर आज गेला. मी आजच घालवला. आता ऊठ."

त्याच्यावर या बोलण्याचा परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. परिणाम झाला तो अपमानाचा. तो उठला आणि म्हणाला, चल, आत्ता चल, आणि काही निघालं नाही तर इथेच, या सगळ्यांपुढे, चहा ओतून माफी मागायची. फुन आणि आणखी दोघे साक्षीला म्हणून बसमध्ये चढले. साउ-केयच्या नाकात कॅमेरा गेला तेव्हा ते बाहेरच्या बाकावर पैजा लावत होते.

काही निघालं नाही.

डॉक्टर शू म्हणाल्या, आत्ता स्वच्छ आहे, पण अँटिबॉडी उंच आहेत, पुढच्या वर्षी परत या. यातलं पहिलं वाक्य साउ-केयने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात मामीने पेला दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि नवऱ्याला चहा दिला. शेकडो नववधूंना तिने तो पेला धरायला शिकवला होता, त्यामुळे माफीही अगदी शास्त्रशुद्ध झाली. फुनने टाळ्या वाजवल्या.

पण पाकीटवाले मात्र त्या गोंधळानंतर एकेक करून शहरात जाऊन आले होते, आणि त्यांच्यातल्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईच्या नाकामागे छोटी गाठ निघाली. वेळेवर सापडली, किरणं घेतली, बाई आज पाचशे पोरांना वाढते. तुम्हाला वाटेल गावाने मामीचे पाय धरले असतील. गाव म्हणालं, मामीचा शब्द. नवऱ्यावर टाकला, त्याला लागला नाही, तर गरीब बाईला लागला. स्वयंपाकीणबाईचा नवरा मामीच्या दारासमोर फटाके लावून गेला. मी त्याच्याशी भर रस्त्यात भांडले, त्याने मला सांगितलं की अँटिबॉडी वगैरे तुम्हा शिकलेल्या लोकांना. मी शिकलेली नाही, चौथीतून सुटले, हे त्याला पटवता पटवता माझा सगळा राग निघून गेला.

हो यांच्याकडून फळांची टोपली आली आणि सोबत निरोप, की मामींना या वर्षी विश्रांतीची गरज असेल. पावसाळ्यानंतरची बाकीची लग्नंही अशीच एकेक गोड शब्दांत गेली. त्यांनी शेजारच्या गावातली मामी ठरवली, याउ बाई. मधाळ जिभेची, गुटगुटीत नवऱ्याची.

युक-होने कुलपांच्या कारखान्यात पेट्या बांधायचं काम धरलं. आणि तोंडाला आता काही पथ्य राहिलं नाही हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. वर्ष उलटलं, साउ-केयचं रक्त पुन्हा घेतलं, अँटिबॉडी आणखी चढलेल्या. तो म्हणाला, एकदा जाऊन आलो, चहा पण घेतला, विषय संपला. तिने वाद घातला नाही. ती फक्त बोलायला लागली. सकाळी उठला की विचारायची, कॅन्सर झोपला का नीट? जेवताना विचारायची, आज कॅन्सर वाफवू की तळू? पाहुण्यांपुढे म्हणायची, हे आमचे मिस्टर, हा यांचा बहुतेक कॅन्सर. तीस वर्षांची बाकी तिने एका पंधरवड्यात काढली. साउ-केय चहाच्या दुकानात पळायचा तर तिथे फुन विचारायचा, केयदादा, घरी सगळे बरे आहेत ना, तुम्ही तिघं?

तो गेला. गावात सांगून गेला की बायकोचं तोंड बंद करायला जातोय.

या वेळी मुगाएवढं काहीतरी निघालं. डॉक्टर शू पडद्यावर बोट ठेवून त्याला दाखवत होत्या आणि तो मामीकडे बघत होता. ती म्हणाली, "आता थुंक." तो थुंकला नाही. त्याने तिचा हात धरला, आणि हे दोघांच्या पिढीतलं कुणी चारचौघांत करत नाही, म्हणून याही वेळी सोबत आलेला, दारातून डोकावणारा फुन त्याबद्दल अजून सांगत असतो.

किरणं झाली. शस्त्रक्रिया नाही, दुसरं औषध नाही, इतकं लवकर सापडलं होतं. पण किरणं म्हणजे काही लक्ष्मीचं बोट नाही. मानेची कातडी भाजलेल्या बदकासारखी काळपट झाली, तोंडातली लाळ आटली, एका कानाने ऐकू येईनासं झालं. खारवलेली मासळी त्याला पुठ्ठ्यासारखी लागायला लागली. डॉक्टरांनी ती तशीही बंदच केली होती. तो बाटलीतून घोट घोट पाणी पीत बसायचा आणि मामी काही बोलायला लागली की बहिरा कान तिच्याकडे करायचा. बाकी ठणठणीत.

त्यानंतरच्या वर्षी हो बाई स्वतः दारात आल्या. धाकट्या मुलीचं लग्न होतं. याउ बाईंचं काय झालं, असं मामीने विचारलं नाही, कारण ते सगळ्या खाडीला माहीत होतं. याउ बाईंच्या नवऱ्यालाही लाल पाकीट आलं होतं. त्यांनी ते देवघरात ठेवलं, गोड बोलत राहिल्या, मग नवऱ्याच्या मानेला गाठ आली. आता याउ बाई घरात बसून असतात, कुणी त्यांना केस विंचरायला बोलवत नाही. मला त्यांचा राग यायला हवा, पण येत नाही. त्यांनी तेच केलं जे गावाने त्यांना शिकवलं.

हो बाई बसल्या, चहा घेतला, आणि सारखं साउ-केयकडे बघत राहिल्या. तो कोपऱ्यात पाणी पीत होता. मग हळूच विचारलं, "मिस्टर... चालतात-फिरतात ना?"

"चालतो, फिरतो, कुरकुरतो," मामी म्हणाली. "मुलगा आहे, मुलगी आहे. नवरा जिवंत आहे. नियम तेवढाच आहे ना?"

हो बाईंनी कबूल केलं की नियम तेवढाच आहे, आणि आता आसपासच्या गावांत त्यात बसणाऱ्या बायका फारशा राहिलेल्या नाहीत. फक्त लग्नात तो शब्द नको.

"नाही काढणार. हो साहेबांनी रक्त दिलं का?"

हो बाई गोंधळल्या. साहेब कामात असतात, म्हणाल्या. तब्येत उत्तम आहे.

"लग्न पुढच्या हिवाळ्यात ना? बाप मधेच गेला तर मुलगी तीन वर्षं सुतकात. साहेबांना तपासणीला एक तास काढायला सांगा, मग मी लग्नाला येते."

हो बाईंचा हात तोंडाकडे गेला. पुढच्या आठवड्यात साहेब काळ्या गाडीतून इस्पितळात उतरले. निकाल स्वच्छ आला, आणि तो आल्यावर त्यांनी मामीला ठरल्यापेक्षा जास्त पैसे कबूल केले. सुटकेचा आनंद माणसाला उदार करतो.

लग्नाला हो बाईंची एकच विनंती होती, की मिस्टरांनाही आणावं, पहिल्या रांगेत बसवावं, म्हणजे पाहुण्यांना शंका राहणार नाही. साउ-केयने खूप आढेवेढे घेतले, मी काय प्रदर्शनातला बैल आहे का, म्हणाला, मग नवा सदरा घालून आला. मामी छत्री धरून नवरीबरोबर चालत होती, आवाज पुन्हा पहिल्यासारखा, तांदूळ उडाले की कोठारं भरत होती, वारा आला की आशीर्वाद येत होता. साउ-केय पहिल्या रांगेत बसला. एकामागून एक पदार्थ आले, अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू, वाफवलेला मासा, शिंपल्यांचं सूप. त्याला एकाचीही चव लागत नव्हती. प्रत्येक घासावर पाणी पीत त्याने सगळं संपवलं आणि वरून भात मागितला, कारण शेजारच्या टेबलावरच्या बायका त्याचे घास मोजत होत्या.